आधी कोणी धरलं?

आमच्या पेणच्या घरात तारणावरून, म्हणजे आत्म्याच्या मुक्तीवरून, जेवढी भांडणं झाली, तेवढी जमिनीवरूनही झाली नाहीत. वडील पक्के कॅथलिक आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी रोह्याची आत्या, विश्वासी मंडळीत, म्हणजे मोठेपणी घेतलेला बाप्तिस्माच खरा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथात गेलेली. आत्या म्हणायची, "देवानं मला एकदा धरलंय, आता तो सोडत नाय." वडील भडकायचे, "आपणपण धरून राहावं लागतं गो, शेवटपर्यंत!"

गेल्या वर्षी आत्यानं कोलाडजवळ नदीत नव्यानं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. "लहानपणी झालाय की तुझा!" असं तणतणत का होईना, वडील आले. तिथं सकाळी धरणाचं पाणी सोडतात हे बाप्तिस्मा द्यायला मुंबईहून आलेल्या पाळकांना, म्हणजे त्यांच्या पास्टरना, ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं, पण आम्ही काठावर वाद घालण्यात दंग!

पाळकांनी बुडवलेली आत्या पाण्यातून वर आली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि बघता बघता गुडघ्याएवढं पाणी कमरेला लागलं. पाळक कसेबसे काठाला आले, आत्याचा पाय सुटला. वडिलांनी बुटांसकट उडी टाकली, तिचं मनगट पकडलं आणि ओरडले, "तूपण धर गो, घट्ट धर!" तिनं धरलं. मी काठावर उड्या मारत किंचाळत होते.

बाहेर येऊन दोघं चिखलातच बसली. वडील धापा टाकत म्हणाले, "बघ, धरावं लागलं ना?"

"व्हय. पण दादा, आधी कोणी धरलं?"

वडील एका हातानं बुटातलं पाणी ओतू लागले. एकमेकांचा हात मात्र दोघांनीही अजून सोडला नव्हता.