समताद्वीपचा रबरी शिक्का

कतारमधल्या मेसईदच्या पत्रकार संघाचा एक किस्सा सांगून मी थांबलेय, असं कधी झालेलं नाही. एक सांगितला की मागून दुसरा येतोच.

पुण्याला पत्रकारिता शिकून मी आईबाबांकडे परतले, ती ऐंशीच्या दशकाची सुरुवात. इथे मराठी पत्रकार संघ आहे हे ऐकूनच हरखले. टाइपरायटर असतील, कडाक्याचे वाद असतील, गुप्त सूत्रं असतील! गेले तर कंपनीच्या क्वार्टरमध्ये तीन माणसं सतरंजीवर बसून कांदा चिरत होती. ड्राफ्ट्समन पाध्येकाका, चिपळूणचा वेल्डर वसंता आणि साताऱ्याकडचा बसड्रायव्हर हणमंत. दर शुक्रवारी ते चार पानी हस्तलिखित काढायचे. हणमंतच्या बसमधून ते दोह्याला जाऊन यायचं, तेवढ्यात सगळ्यांचं वाचून व्हायचं.

बातम्या मात्र समताद्वीप देशाच्या. असा देशच नव्हता!

"इथल्या बातम्या लिहिल्या तर नोकरी जाईल," पाध्येकाका म्हणाले. "म्हणून आपणच एक लोकशाही समाजवादी देश काढला. तिथलं काहीही लिहिता येतं."

वसंताने जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून संघाचा गोल शिक्काही कोरला होता; पुढे तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

*

नियम एकच. प्रत्येक मजकूर मतदानाने मंजूर, आणि मत सगळ्यांचं सारखं.

मी वृत्तपत्रस्वातंत्र्यावर तीन पानी लेख नेला. वसंताने तो शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "ताई, ह्यात कुणाचं काय झालं ते कुठाय?"

लेख तीन विरुद्ध एक मताने पडला. ते एक मत माझं. पाध्येकाकांनी ते इतिवृत्तात आदराने नोंदवलं!

*

ऐन जुलैत बातमी आली, "राजधानीत हिमवर्षाव." एसी बंद पडलेला, सगळे घामाघूम. हात पटापट वर गेले. हणमंतचा खालीच.

"मी न्हाय मत देनार. बर्फात बस घसरती!"

बातमी अंकात घेतली, पण खाली एक ओळ टाकावी लागली : बससेवा सुरळीत.

*

माझी पहिली मंजूर बातमी होती, "पातळ डाळीवरून अन्नमंत्र्यांचा राजीनामा." दोन दिवसांत मेसमधली डाळ दाट झाली! मेसच्या मॅनेजरला मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्याला कुणी वाचून दाखवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

*

एकदा एक फिटर नवी पँट घालून आला. "समताद्वीपला फिटर लागतात का?"

पाध्येकाकांनी बराच वेळ चष्मा पुसला. "कोटा भरलाय."

"मग नाव तरी लिहून ठेवा."

ठेवलं. पुढच्या महिन्यात त्या यादीला दुसरं पान लागलं.

*

मग एका शुक्रवारी हणमंतने समताद्वीपच्या सरकारकडे रजेचा अर्ज मांडला. तो इकडे आल्यावर त्याला मुलगी झाली होती. बायको तिचं पाऊल कागदावर आखून पाठवायची, हा त्या मापाचे बूट घ्यायचा. रजा काही मिळेना, तोवर पुढचं माप येई. ट्रंकेत बुटांचे तीन जोड झाले होते.

रजा एकमताने मंजूर! टाळ्या झाल्या, मथळाही ठरला.

"आणि कंपनीतला अर्ज?" मी विचारलं.

"फोरमन म्हनतो, बाद में."

"लेखी काय म्हणाला?"

"लेखी कुनी दिलाय, ताई? मला कुठं इंग्रजी येतंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या टाइपरायटरवर माझा मुंबईच्या दैनिकासाठीचा लेख अर्धा चढलेला होता. कामगारांच्या हक्कांवर. मी तो काढून ठेवला, कोरा कागद चढवला आणि हणमंतचा अर्ज टाइप केला. बस निघण्याआधी त्याची सही घेतली आणि स्वतः कंपनीच्या ऑफिसात गेले.

तिथले क्लार्क लखनौचे. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"फोरमन की साइन कहाँ है?"

मी पर्समधून चपलेचा शिक्का काढला आणि फोरमनच्या जागेवर जोरात उमटवला.

त्यांनी त्या गोलातली अक्षरं एकेक करून वाचली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ये वही, दालवाले?"

"जी."

"कल फिर पतली थी," ते म्हणाले, आणि आमच्या शिक्क्याशेजारी त्यांनी आपला शिक्का मारला.