न दिलेलं पाणी

मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आणि मळ्याच्या मागं डोंगर. दोन हजार सालाच्या मागंपुढं शहरातली माणसं दर रविवारी गिअरच्या सायकली खांद्यावर घेऊन तो डोंगर चढायला लागली, आणि वर पोचली की त्याच वाटेनं सुसाट खाली यायला लागली. ही कसली हौस ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी आमचा बांध फोडला, शेळ्या बुजवल्या, एकानं तर शेपूच्या वाफ्यातून सायकल नेली. एका रविवारी मी विळा घेऊन वाटेत उभी राहिले आणि त्यांना शिव्या दिल्या. त्यांचा म्होरक्या बँकेत नोकरीला होता. त्यानं सगळ्या शिव्या ऐकून घेतल्या.

"मावशी, तुम्ही इथंच असता," तो म्हणाला. "आमच्या गस्तीत या. कोणी कुठून जायचं ते तुम्हीच सांगा."

गस्त म्हणजे प्रत्येक अवघड वळणावर एक माणूस. घसरून आलेले दगड बाजूला करायचे, खाली गुरंमाणसं असली की शिट्टी मारून वरच्यांना थांबवायचं, कोणी पडलं तर त्याच्याकडे बघायचं. पैसे नाहीत. एक शिट्टी आणि पिवळं जाकीट, एवढंच. रविवारी मी गवत कापायला डोंगरावर असायचेच, म्हणून हो म्हणाले. लुगड्यावर जाकीट चढवून निघाले की माझ्या थोरल्या जाऊबाई हटकून म्हणायच्या, "निघाली आमची फौजदारीण."

गस्तवाल्यांना शाळेच्या ओट्यावर शिकवणी होती. शिकवणारा हाडांचा डॉक्टर, तोही सायकलवालाच. त्यानं म्होरक्याला गोणपाटावर आडवं केलं आणि दाखवलं. मानेवर, पाठीवर पडलेल्या माणसाला उचलायचं नाही. बसवायचं नाही. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं नाही. त्याच्या डोक्याशी बसायचं, दोन्ही हातांनी डोकं धरायचं आणि त्याला बांधून न्यायची फळी येईपर्यंत सोडायचं नाही. पाणी पाजायचं नाही, ठसका लागला किंवा उलटी झाली तर मान हलते, आणि ऑपरेशन करायचं ठरलं तर पोट रिकामं लागतं. डॉक्टर म्हणाला, मणका मोडतो तेव्हा आतली शीर कधी कधी शाबूत असते. लोक माया म्हणून उचलतात आणि उचलताना ती जाते. मग माणूस कमरेखाली संपला.

माझे मालक विहिरीतली मोटर वर काढताना काठावरच्या दगडांवर पाठीवर पडले होते. थोरल्या दिरांनी, आम्ही त्यांना भाया म्हणतो, काखेत हात घालून त्यांना बसतं केलं, तांब्याभर पाणी पाजलं, घोंगडीच्या झोळीत घालून ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेलं. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. मालक पुढं चार वर्षं बाजेवर होते. पाय कधी हलले नाहीत. नव्वद सालानंतरची ती चार वर्षं मी सांगत नाही. शिकवणी झाल्यावर सगळे चहाला गेले, मी घरी आले. भायांना मी काही बोलले नाही. बोलणार तरी कशी? लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर मी उघड्या डोक्यानं गेले नव्हते की तोंड उघडलं नव्हतं. त्यांना काही सांगायचं तर जाऊबाईंमार्फत, आणि त्यांनाही मला काही सांगायचं तर तसंच. भाया धाकट्या भावाच्या बायकोला हात लावत नाहीत. तिच्या हातातून तांब्यासुद्धा घेत नाहीत. ती खाली ठेवते, मग ते उचलतात.

एका रविवारची गोष्ट, चैत्रातलं ऊन होतं. माझं वळण ओढ्याच्या वरचं, आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. तिथं मुरूम मोकळा होतो म्हणून मी सकाळीच झाडून घेतला होता. तरी एक जण वळणावर आला, त्याचं पुढचं चाक दगडावर अडलं आणि तो सायकलच्या वरून उडून डोक्यावर पडला. आवाज नारळ आपटल्यासारखा झाला. तिशीचा माणूस असेल.

मी आधी शिट्टी मारली, कारण मागून दुसरा येत होता. तो थांबला, सायकल टाकून धावला आणि थेट हेल्मेटच्या पट्ट्याला हात घातला.

"हात काढ!" मी ओरडले.

"आजी, मित्र आहे माझा, श्वास तरी..."

"श्वास चाललाय त्याचा. बोलतोय बघ. तू वर जा, म्होरक्याकडे फोन आहे. फळी आण म्हणावं. आणि सायकल वाटेत आडवी टाकून जा, नाहीतर तिसरा येऊन आपटेल."

तो रडत रडत वर पळाला. मी डोक्याशी मांडी घालून बसले आणि हेल्मेटसकट डोकं दोन्ही हातांत धरलं. पडलेल्या माणसाचे डोळे उघडे होते. "पायांत मुंग्या येतायत," तो म्हणाला. मला बरं वाटलं. मालकांना मुंग्यासुद्धा आल्या नव्हत्या. पण हे त्याला सांगितलं नाही. "हलू नको," एवढंच म्हणाले.

शिट्टी ऐकून खालच्या मळ्यातनं माणसं आली. भाया पुढे, मागं चौघं, त्यांच्या खांद्यावर बाज आणि घोंगडी. जाऊबाईंच्या कमरेवर कळशी. आमच्याकडे कोणी पडलं की हे असंच येतात, सांगावं लागत नाही. भायांच्या खांद्यानं निम्मी वाडी दवाखान्यात पोचवली आहे, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"धरा रे पाय," भाया म्हणाले. "एक जण कमरेला. आधी बसता करा, पाणी पाजा."

"कोणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. जाऊबाईंकडे बघत म्हणाले, पण ऐकायचं भायांनी होतं.

"अगं, पोरगा उन्हात तळतोय," जाऊबाई म्हणाल्या. "बाजेवर घेऊ, सावलीत नेऊ. तुझी फौजदारी ऱ्हाऊ दे."

त्या माणसाला कळशी दिसली. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "आजी, पाणी," तो म्हणाला.

"मिळणार नाही," मी म्हणाले.

आमच्या मळ्यावर वाटसरूला, भिकाऱ्याला, चोरालासुद्धा पाणी मिळतं. जाऊबाईंनी पदराचं टोक कळशीत बुडवलं तेव्हा मी म्हणाले, ओठांना लावा, आत पिळू नका. त्यांनी ओठांना लावलं. तो ते टोक चोखायला लागला, मान उचलायला लागला. मी हात घट्ट केले. माझ्या हातांखाली त्याचं डोकं वर यायला बघत होतं आणि मी ते जमिनीशी दाबून धरत होते.

"द्या ना हो," तो म्हणाला. "घोटभर. पाया पडतो."

"पडशील पाया. आज नाही."

चौघांतला एक जण म्हणाला, "म्हातारीला वेड लागलंय. लय झालं. सरकवा हिला."

पण सरकवायला कोणी पुढं येईना. कोणाची चुलती, कोणाची भावजय, प्रत्येकाचं नातं आडवं येत होतं. सगळे भायांकडं बघायला लागले. भाया माझ्यापासून दोन पावलांवर उभे होते. त्यांना नुसतं वाकून माझा हात बाजूला करायचा होता. ते वाकत नव्हते. माझा पदर डोक्यावरून कधीच घसरला होता, तो सारखा करायला माझ्याकडे हात नव्हता. ते आधी डोंगराकडे बघत होते, मग ओढ्याकडे.

"हिला सांगा," ते जाऊबाईंना म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला, "तहानलेला माणूस हिच्या हातांत मेला तर हिला कुठं तोंड दाखवता येणार नाही. हिला सांगा, मी आजवर पंचवीस माणसं उचलली. माझ्या सख्ख्या भावाला मी ह्याच हातांनी उचललं."

मी वर बघितलं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"म्हणूनच," मी म्हणाले.

जाऊबाईंची कळशी हिंदकळली. भायांना लगेच कळलं नाही. मग कळलं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं नाही की काही नाही, नुसते मागं सरले आणि चौघांना म्हणाले, "बाज खाली ठेवा." ते तीन शब्द म्हणून ते जाऊन एका दगडावर आमच्याकडे पाठ करून बसले.

फळी येईपर्यंत किती वेळ गेला ते मला माहीत नाही. माझ्या मांड्या बधिर झाल्या. चौघांनी बाज उभी करून तिच्यावर घोंगडी टाकली, तेवढी सावली झाली. तो माणूस मध्येच मला शिव्या द्यायला लागला, तशा शिव्या मीही देऊ शकते, मी त्याला बोलत राहू दिलं. बोलतोय तोवर जिवंत आहे. मध्येच तो गप्प झाला तेव्हा मीच विचारलं, "मुंग्या आहेत का अजून?" तो म्हणाला, "आहेत." मग मी परत परत तेच विचारत राहिले. एकदा तो म्हणाला, "माहीत नाही." तेव्हा मी कोपरं मांड्यांत रोवली आणि डोकं आणखी घट्ट धरलं.

म्होरक्या आणि आणखी तिघं फळी घेऊन आले. मानेला पट्टा बांधून झाला आणि म्होरक्या म्हणाला, "मावशी, आता सोडा." मला बोटं उघडता येईनात. त्यानं एकेक उघडली.

पुढचे काही दिवस घरात माझ्याशी कोणी धड बोललं नाही. जाऊबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "चारचौघांत बोलायचं होतं का ते?" मी म्हणाले, "चारचौघांतच उचलत होते." खरं तर मी ते बोलायचं ठरवलेलं नव्हतं. पण बोलल्याचं वाईटही वाटलं नाही.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी तो माणूस आला. सायकल नव्हती. मानेला पट्टा, पण बांधावरून आपल्या पायांनी चालत आला. मणका मोडला होता, शीर वाचली होती, म्हणाला. पाया पडायला वाकणार होता, पट्ट्यामुळं वाकता येईना. मी त्याला तांब्याभर पाणी दिलं, तो हसला आणि प्यायला. भाया झेंडूच्या वाफ्यात उभे होते. तो आला तेव्हापासून गेला तेव्हापर्यंत ते त्याच्या पायांकडे बघत होते.

तो गेल्यावर ते माझ्या अंगणाच्या कडेला आले. जाऊबाई बाजारात गेल्या होत्या, मध्ये कोणीच नव्हतं. मी पदर डोक्यावर घेतला.

"त्या डॉक्टरला विचारलं का तू?" ते म्हणाले. मला म्हणाले, सरळ. "माझ्या भावाचं. उचलल्यामुळं झालं का?"

"विचारलं, मागनं एका रविवारी. तो म्हणाला, आता सांगता येणार नाही. पडल्यावरच गेलं असेल, किंवा उचलताना गेलं असेल."

"म्हणजे मी केलं असेल."

"असेल."

"नसेलही."

"नसेलही," मी म्हणाले.

मग ते वाफ्याकडे गेले आणि राहिलेली फुलं तोडायला लागले.