न घसरणारी जमीन

नोकरीतून निवृत्त झाल्यावर ताईंनी गाड्या धुण्याचं केंद्र विकत घेतलं, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी आला, सगळीकडे नाक मुरडत हिंडला आणि संध्याकाळपर्यंत भागीदार होऊन बसला. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. हसण्याच्या बाबतीत भलताच काटकसरी. ताईंचं उलट. पस्तीस वर्षं टाइपरायटरसमोर बसून काढली होती, त्याची सगळी भरपाई त्या आता उभ्याने, हातात पाण्याचा पाइप धरून करून घेत होत्या. फेसाचा फवारा उडाला की त्यांना अजूनही खुदकन हसू यायचं.

जमीन मात्र हसण्यासारखी नव्हती. जुनं डांबर. गाड्यांतून ठिबकणारं तेल आणि रोजचं साबणाचं पाणी पिऊन ते मऊ पडलं होतं. ठिकठिकाणी खडी वर आलेली आणि मधोमध हा भला मोठा खळगा, कायम पाण्याने भरलेला. एके सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या त्या थेट त्यात. पाय वर आला, बूट आला नाही. थोड्या वेळाने तो फेसातून वर आला आणि डुलत डुलत फाटकाच्या दिशेने निघाला.

"ताई, माझा बूट चाललाय!"

"कुठे?"

"मला काय सांगून निघालाय का!"

ताईंनी लांब दांड्याच्या झाडूने बूट अडवला. मग दोघी गाडीला टेकून पोट धरधरून हसल्या. भाऊ तेवढा गंभीर. "आज बूट गेला, उद्या माणूस जाईल," तो म्हणाला. "जमीन बदलायची."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. हात पाठीमागे बांधून सगळं अंगण फिरले, एका पायाने डांबर दाबून पाहिलं.

"पुन्हा डांबरच घालू, दोन दिवसांत होतं," भाऊ म्हणाला.

"घाला की. तेलाने पुन्हा विरघळेल, मी पुन्हा येईन. मला काय, चहा मिळतोच."

"मग सिमेंटचे ठोकळे?" ताईंनी विचारलं.

"दिसायला झकास. पण तुमच्या पाण्याचा जोर सांध्यांतली वाळू उडवून लावणार. मग एकेक ठोकळा दातासारखा हलायला लागेल. इथे काँक्रीटच हवं, आत सळ्यांची जाळी घालून. आणि वरून खरखरीत."

"खरखरीत कशाला?" भाऊ उसळला. "घाण धरेल. गुळगुळीत करा, एका हाताने पुसता आलं पाहिजे."

यावर भावाची आणि मिस्त्रींची जी जुंपली ती चहा तीनदा गार होईपर्यंत. शेवटी ताईंनी टेबलावर थाप मारली. "दोन्ही करून बघू!"

मिस्त्रींनी कोपऱ्यात दोन लांब पट्ट्या ओतल्या. एक थापीने घोटून आरशासारखी, दुसरी ओली असतानाच तिच्यावरून झाडू ओढून बारीक रेघा उमटवलेली. आठवड्याने ताईंनी दोन्हींवर बादलीभर साबणाचं पाणी ओतलं. स्वतः रेघांच्या पट्टीवर चढल्या, ताडताड चालल्या आणि टोकाला एक गिरकी घेतली.

"नाचलीस म्हणजे सिद्ध झालं असं नाही," भाऊ म्हणाला आणि गुळगुळीत पट्टीवर पाय ठेवला. "माणसाने जरा तोल सांभाळून चाललं, तर कुठल्याही—"

वाक्य तिथेच राहिलं, भाऊ पुढे गेला. हात पसरून, चष्मा कपाळावर, मिस्त्रींच्या समोरून सुळकन जाऊन पलीकडच्या टॉवेलांच्या ढिगात शिरला.

ताई तिकडे धावल्या. मग ढिगातून आधी गुरगुर आली, मग खाकरल्यासारखं काहीतरी, मग एकदम खो खो. भाऊ हसत होता! ताईंनी हे शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्यांना आठवेना.

"लागलं का रे?"

"नाही." त्याने डोळे पुसले. "पण एकदाच बघून निष्कर्ष काढता येत नाही. पुन्हा बघायला हवं."

तो पाच वेळा घसरला. तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनी चपला काढल्या. बूटवाल्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या होत्या, त्यांनी पर्स ताईंच्या हातात दिली आणि रांगेत उभ्या राहिल्या.

निकाल लागला. जमीन खरखरीत, उतार नालीकडे, नालीपुढे तेल आणि गाळ अडवायला टाकी. उताराचं काम भावाने आपल्याकडे घेतलं. मीटरला दोन सेंटीमीटर, आणि पातळीची नळी घेऊन तो रांगत फिरला. काँक्रीट पडलं त्या दिवशी ताईंनी मिस्त्रींच्या हातातून झाडू जवळजवळ हिसकावूनच घेतला. अर्ध्यात त्यांना हसू आलं आणि रेघा नदीसारख्या वळल्या.

"मोडून सरळ करू?" मिस्त्रींनी विचारलं.

"हात लावाल तर बघा!"

मग महिनाभर फाटक बंद. पहिले काही दिवस जमिनीवर ओली गोणपाटं पसरून ताई तिला सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी पाजत. गाड्या मळून रंग ओळखू येईनासे झाले, तरी भावाने एकही चाक आत येऊ दिलं नाही. उघडायच्या दिवशी ताईंनी वरच्या टोकाला बादली रिकामी केली. पाणी कुठेही न रेंगाळता सरसर नालीत गेलं आणि तिघांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून सोमवार जमिनीचा. तेलाच्या डागांवर पावडर टाकून ताठ ब्रशने घासायचं, टाकीतला गाळ काढायचा, काँक्रीटच्या चौकोनांमधल्या सांध्यांतलं रबरी भरण सुटलंय का पाहायचं. एकदा एक विक्रेता डाग घालवणारं ऍसिड घेऊन आला. "ते डाग घालवेल, जमीनही घालवेल," असं म्हणत भावाने त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

तिसऱ्या वर्षी कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली. भाऊ गुडघ्यांवर बसून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. आता हा आठवडाभर तोंड पाडून बसणार, असं ताईंना वाटलं.

"इतक्या गाड्या डोक्यावर घेते बिचारी," तो म्हणाला. "एखादी सुरकुती यायचीच." त्याने चीर साफ केली, भरण भरलं, बोटाने सारखं केलं आणि वर एक खुर्ची आडवी ठेवली, कुणी पाय देऊ नये म्हणून.

बाहेर पहिल्या गाडीने हॉर्न दिला. ताई फाटक उघडायला धावत गेल्या.