शेवटचं बटण

दुपारचं जेवण उरकून कमलिनीबाई आरामखुर्चीत टेकल्या आहेत. मांडीवर जुईचा शाळेचा फ्रॉक, पाचही बटणं उघडी. सकाळी शेजारची रूपाली तो फ्रॉक आणि शाळेने दिलेला जुईचा शिक्षण आराखडा पुढ्यात टाकून गेली. तीन महिन्यांत लेक शिकणार काय, तर एक बटण लावायला, तेही शेवटचं. असल्या शाळेत ठेवायचंच कशाला, असं तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, संदेशचं, ठरत आलं आहे. संध्याकाळी दोघं येणार. जुईसारख्या विशेष मुलांना शिकवण्यात जन्म घालवलेल्या कमलिनीबाई सकाळी समजावत राहिल्या आणि रूपालीचा चेहरा मिटत गेला.

पंख्याची घरघर लांब जाते. मग ती घरघर राहत नाही, नदीचं पाणी होते.

कमलिनीबाईंच्या जुन्या शाळेचा व्हरांडा थेट घाटाच्या पायऱ्यांना लागला आहे. बाकं घोटाभर पाण्यात उभी, त्यांवरची दप्तरं मात्र कोरडी. खालच्या पायरीवर द्वारकाबाई अबोलीची वेणी गुंफत बसल्या आहेत. या शाळेच्या मोठ्या बाई. त्यांना जाऊनही आता वर्षं लोटली. मनगटावर तेच पुरुषी घड्याळ.

"बस. निवृत्त होताना डोकंही शाळेतच ठेवून आलीस वाटतं."

कमलिनीबाई सगळं सांगतात. आराखड्याची ओळ न् ओळ समजावली म्हणतात.

द्वारकाबाई वेणी पुढे करतात. "एवढी गाठ मार."

त्या मारतात. पुरी झालेली वेणी हातात येते, आणि उगाचच बरं वाटतं.

"केली कुणी?"

"तुम्ही, बाई. पण मीच केल्यासारखं वाटतंय."

"पहिलं बटण लावून मूल अडलं की उरलेली आपण लावतो. त्याला कळतं, आपल्याला जमलं नाही. शेवटचं त्याने लावलं की काम त्याच्या हातून पुरं होतं. ते जमलं की मग त्याच्या आधीचं."

"हे रूपालीला कसं सांगू?"

"सांगू नकोस." बाई पदर खोचत उठतात. "चल, घंटा झाली."

"थांबा ना जरा."

घंटा वाजतच राहते. दाराची आहे. बाहेर रूपाली, संदेश आणि त्यांच्या मधोमध जुई.

"या," कमलिनीबाई म्हणतात. "मी आता काही बोलणार नाही. तुम्ही नुसतं बघा."

त्या फ्रॉक जुईपुढे धरतात, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात येतं. वरची चार बटणं लागलेली आहेत. शेवटचं तेवढं उघडं आहे.