मास्तरांचा हात

चित्रे पारखायला निघालेल्या माणसाजवळ निर्णय थोडे आणि किस्से फार साठतात. निर्णय लिहून देता येतात. किस्से मात्र घरी बरोबर येतात.

मागच्या पिढीत सोलापूरच्या घरोघरच्या कर्त्या मंडळींची तैलचित्रे रंगवणारे एक चित्रकार होऊन गेले. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांच्या अस्सल चित्रांचे प्रदर्शन ठरले आणि पारख आम्हा दोघांकडे आली: मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, सिद्रामप्पा, म्हणजे आमचे अप्पा, कापडाचे व्यापारी. मास्तरांच्या निःसंशय चित्रांतले कुंचल्याचे फटकारे मोबाइलवर टिपलेले होते; समोरचे चित्र भिंगाखाली धरून त्यांच्याशी ताडायचे. एकमत झाले तरच चित्र प्रदर्शनात.

पारखायच्या चित्रांत अप्पांच्या आजोबांचे चित्रही होते. वाटणीत रस्त्याकडची खोली भावाला सोडून अप्पांनी ते घेतले होते. भाऊ अजून विचारी, "अप्पा, ओरिजिनल हाय नव्हं?"

*

मैंदर्गीच्या एका घरी सही फारच टवटवीत दिसली. मालक म्हणाले, "पुसट झालती. दर दिवाळीला दाराच्या पाटीबरोबर रंगवून घेतो की."

अप्पांनी भिंग खिशात ठेवले. "ब्रश बी दाराचाच दिसतोय."

*

कुर्डुवाडीला चित्र अस्सल, पण मिशा परक्या हाताच्या.

"आजोबांना मिशाच न्हवत्या," घरधनी म्हणाले. "आजी म्हनली, बिनमिशीचा मानूस भिंतीवर कसा लावायचा? मग रेल्वे वर्कशॉपमधला पेंटर आनला."

अप्पांनी निर्णय दिला, "चित्र मास्तरांचं, मिशा रेल्वेच्या."

*

शहरातल्या एका विणकर घरी आजींना मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले, की ही प्रतिकृती आहे.

"यांचं नाक असंच होतं," आजी म्हणाल्या. "मास्तरचं नाक कसं होतं, ते तुमी बघत बसा."

*

मग अप्पांचे घर. कान डळमळीत होता, कोटाच्या घड्या शंकास्पद. अप्पांचा चेहरा उतरत चालला. शेवटी त्यांचे भिंग कपाळावर थांबले. तेथे विभूतीचे तीन पट्टे होते: जाड, शुभ्र, एका दमात ओढलेले.

"बघा सर. कुटं अडकलाय का हात? मास्तरशिवाय असं कोन ओढतंय?"

मी मोबाइलमधल्या फटकाऱ्याशी ताडले. जाडी तीच, उतारही तोच. मी मान डोलावली. अप्पांनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथे भावाला फोन लावला. "ओरिजिनल हाय. सरांनी बी मान्य केलंय."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी गंगाक्का हातात वाटी घेऊन आल्या.

"सरका की जरा. आज सोमवार न्हाय का?"

त्यांनी वाटीतल्या ओल्या विभूतीत तीन बोटे बुडवली आणि आजोबांच्या कपाळावरून, जुन्याच पट्ट्यांवरून, एका दमात फिरवली.

फोन चालूच होता. अप्पांनी भिंग त्या बोटांवर धरले. मग फोनमध्ये हळूच म्हणाले, "हात वळखला. घरचाच हाय."