नारपोलीत बुडालेलं जपानी राज्य

जपानी भाषेचं एकही अक्षर येत नसताना मी एक अख्खं जपानी राज्य बुडवलेलं आहे, आणि तेही दुपारच्या जेवणाच्या आत.

तेव्हा मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. बसलो होतो हे अगदी शब्दशः घ्यावं. (झाडू मारताना आई मला ‘पाय वर घे’ म्हणायची, ‘ऊठ’ म्हणणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.) बाबा आमच्या भिवंडीच्या नारपोलीतल्याच एका पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. बाबा तर लूमबरोबर कामगारालाही बंद पडू द्यायचे नाहीत. अशा माणसाच्या पोटी मी जन्माला यावं, याचं कारखान्यात सगळ्यांनाच नवल वाटायचं.

माझी सगळी आशा भावोजींवर होती. ताईचे हे यजमान ठाण्याच्या एका कंपनीत फिटर होते आणि नव्या मशिनी शिकायला कंपनीने त्यांना काही महिने जपानला पाठवलं होतं. येताना त्यांनी ताईसाठी छत्री आणली, बाबांसाठी दाढीचं यंत्र आणलं आणि स्वतःसाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओगेम आणला. ताईने छत्री ठेवून घेतली आणि गेम आमच्याकडे पाठवून दिला.

नोकरीचा विषय निघाला तेव्हा भावोजी म्हणाले, “दिनेश, मी साहेबांकडे तुझा शब्द टाकतो. पण साहेब विचारणार, मुलगा हातात घेतलेलं काम शेवटाला नेतो काय? मी काय सांगू?”

मी आईकडे बघितलं. आईने बराच विचार केला आणि म्हणाली, “ताट न्हेतो की.”

भावोजी हसले नाहीत. त्यांनी गेमकडे बोट दाखवलं. हा गेम संपवायचा. पुढच्या महिन्यात ते एका शुक्रवारी जेवायला येणार होते, तेव्हा गेमचा शेवट त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. दिसला तर शब्द टाकणार, नाहीतर मी पाय वर घेत राहायचं. व्हिडिओगेम खेळून नोकरी मिळवणारा भिवंडीतला पहिला माणूस होण्याच्या कल्पनेने मी इतका खूश झालो, की अटी नीट ऐकल्याच नाहीत.

गेममध्ये एक राजा होता. त्याच्यासमोर एक ठेंगणा पोरगा तलवार घेऊन उभा. राजा जपानीत बरंच काही सांगायचा, मग पोरगा गावोगाव हिंडायचा आणि वाटेत त्याला भुतं आडवी यायची. टोकाला एक काळा किल्ला होता आणि त्यात एक शिंगवाला राक्षस राहायचा. एवढं चित्रांवरून कळलं. बाकी सगळं जपानीत. खरी अडचण वेगळीच होती. जिथवर आलो ते लक्षात ठेवणारा गेमच्या कॅसेटमधला सेल मेलेला होता. म्हणजे लाइट गेली की पोरगा पुन्हा राजासमोर, आणि राजा पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागणार.

आणि लाइट तर भिवंडीची! कामाच्या दिवशी लूम सुरू झाले की आमच्या घरातली ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावायची. शुक्रवारी लूमना सुट्टी, म्हणून सकाळपासून लाइट दणदणीत असायची. पण दुपारी तीही दुरुस्तीच्या नावाखाली जायची. थोडक्यात, जो खेळ जपानी पोरं सावकाश महिनाभर खेळत असतील, तो मला शुक्रवारी सकाळचा चहा आणि दुपारची डाळ यांच्यामध्ये संपवायचा होता.

पहिल्या शुक्रवारी मी खेळायला बसलो आणि आई शेजारी तांदूळ निवडायला बसली. तिथेच घोळ झाला. आई गणेशपुरीकडची. त्यांच्या गावात दारावरून जाणाऱ्याने दारातल्या माणसाची विचारपूस केली नाही, तर ती गोष्ट पुढच्या लग्नात निघते. पोरगा पहिल्याच गावातून भरभर निघाला तशी ती म्हणाली, “आरं, ती म्हातारी दारात उभी हाय ना? तोंड फिरवून कुठं चाललास?”

म्हातारीशी बोललो. मग म्हातारीच्या शेजाऱ्याशी बोललो, कारण त्याला वाईट वाटलं असतं. मग विहिरीवरच्या बाईशी बोललो. सगळे जपानीत बोलत होते आणि आई मान डोलावत होती. (तिच्या मते विहिरीवरची बाई सुनेबद्दल सांगत होती.) एक कुत्रा होता, त्याच्याशीही बोलावं लागलं. पोरगा गावाच्या वेशीवर पोचला आणि लाइट गेली.

पुढच्या शुक्रवारी बाबा पाठीमागे येऊन उभे राहिले, हात मागे बांधून, लूमच्या रांगेत उभे राहतात तसे. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. कारखान्यात हा आवाज ऐकला की कामगार बिडी विझवायचे.

“ह्यो पोरगा ड्युटीवर हाय का फिरायला आलाय?”

मी म्हटलं, बाबा, रस्ता शोधतोय.

“रस्ता शोधत चालल्यावर काम व्हतंय का? आधी रस्ता ठरवायचा, मंग चालायचं. आन् त्या कुत्र्याशी काय बोलतोस?”

त्या दिवसापासून गेम बाबांच्या हाताखाली गेला. रोज संध्याकाळी शिफ्टवरून आल्यावर लाइट मरतुकडी असायची, टीव्ही चालायचा नाही, म्हणून बाबांनी माझा सराव गल्लीत सुरू केला. आमचं दार म्हणजे राजवाडा. सार्वजनिक नळ म्हणजे पहिलं गाव. समोरच्या रफीकचाचांची खाट म्हणजे जंगल. पलीकडचा पिठाच्या गिरणीचा ओटा म्हणजे काळा किल्ला. मी दारातून निघून नळापाशी डावीकडे वळायचं, खाटेला वळसा घालून, कुणाशीही न बोलता, गिरणी गाठायची. बाबा दारात उभे राहून ओरडायचे, “कोपरा मोठा घेतलास! परत!”

एवढा मोठा बाप्या तोंडाने चकार शब्द न काढता नळावरून गिरणीपर्यंत पळतो, ओट्याला हात लावतो आणि परत येऊन पुन्हा पळतो, हे बघून गल्लीत लोक हळहळायला लागले. शिकलेला होता, असं भूतकाळात बोलू लागले. कुणीतरी आईला वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात मला आंघोळ घालायला सांगितलं. आईने ते मनावर घेतलं आणि मला एस.टी.त बसवून नेऊनही आणलं. (अंग मोकळं झालं. कोपरे खरंच छान घ्यायला लागलो.)

आता प्रश्न उरला भुतांचा. एकेका भुताशी मारामारी करत बसलं तर दुपार व्हायची. भूत आलं की चार पर्याय यायचे आणि मी प्रयोग करून शोधलं होतं, की शेवटचा पर्याय म्हणजे पळून जाणं. भूत आलं की पळायचं, पुढचं आलं की पुन्हा पळायचं. मी ही युक्ती अभिमानाने सांगितली आणि बाबांचा चेहरा पडला. युनियनमध्ये आयुष्य काढलेला माणूस. त्यांच्या मते आमच्या घराण्यात आजवर कुणी पाठ दाखवली नव्हती.

हा तिढा रफीकचाचांनी सोडवला. चाचा आजमगढकडचे, जुने विणकर, आमच्या समोरच राहायचे. स्वतःच्या खाटेचं जंगल झाल्यापासून ते रोज आमच्याकडे यायला लागले होते. ते बाबांना म्हणाले, “अरे मुकुंदभाई, धागा टूटे तो लूम से लड़ते हो क्या? गाँठ मारो, आगे बढ़ो.” बाबांना हे पटलं. त्या क्षणापासून पळणं हे पळणं राहिलं नाही, ते प्रॉडक्शन झालं.

ठरलेला शुक्रवार उजाडला. सकाळपासून घरात कोंबडीचा रस्सा शिजत होता, कारण भावोजी जेवायला येणार होते. बाबांनी टीव्ही पुसला. रफीकचाचा पुढे बसले, त्यांच्यामागे अर्धी गल्ली. आईला बाबांनी ताकीद दिली होती, की आज कुणाची विचारपूस नाही. टीव्ही लावला आणि राजा बोलायला लागला. मी बटण दाबदाबून त्याला गप्प केलं आणि सुटलो.

काय खेळलो त्या दिवशी! नळ, खाट, गिरणी! पहिलं गाव कधी मागे पडलं कळलं नाही. म्हातारी दारात उभी होती. आईने डोळ्यांना पदर लावला, पण बोलली नाही. भुतं येत होती, मी पळत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. मला घास भरवायला आई आणि घाम पुसायला बाबा, अशी दोन माणसं माझ्या दिमतीला होती. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा एकसुद्धा नव्हतं. बाबा हळूच रफीकचाचांना म्हणाले, “पोरगा आपलाच हाय.” ते मी ऐकलं. हे वाक्य ऐकायला मी बावीस वर्षं थांबलो होतो.

लाइट जायच्या आत पोरगा काळ्या किल्ल्यात पोचलासुद्धा. समोर शिंगवाला राक्षस. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सगळ्या भुतांपासून पळून पळून पोरग्याच्या अंगात काडीची ताकद आलेली नाही. राजाने निघताना दिलेल्या तलवारीनिशी तो तसाच उभा होता. राक्षसाने फुंकर मारली असती तरी आडवा झाला असता.

पण राक्षस मारामारीला उठलाच नाही. तो जपानीत काहीतरी सावकाश बोलला आणि खाली दोन पर्याय आले. गेममधल्या धर्मशाळेत पोरग्याला झोपवताना असेच दोन पर्याय यायचे, त्यातला वरचा म्हणजे ‘हो’, एवढं मला ठाऊक होतं.

आईचा संयम सुटला. “त्यो कायतरी इचारतोय. आपण त्याच्या घरात आलोय. न्हाय म्हनू नको, बरं दिसत न्हाय.”

मी बाबांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं आणि आईचं एकमत झालं. ते म्हणाले, “मालक सोताहून बोलणी करतोय. बोलून मिटत असंल तर मारामारी कशापायी? दाब.”

मी वरचा पर्याय दाबला.

टीव्ही काळा झाला. मग गंभीर संगीत सुरू झालं आणि खालून वर जपानी अक्षरं सरकायला लागली. आधी कुणालाच कळेना. मग रफीकचाचा उठून म्हणाले, “खतम! बन गया काम!” आणि घरात एकच गलका झाला. लाइट अजून होती! बाबांनी मला मिठी मारली, ती आम्हा दोघांनाही जमली नाही. आईने गूळ वाटला. सरकून सरकून शेवटची चार ओळींची पाटी पडद्यावर थांबली आणि त्याच वेळी दारात भावोजी आले.

“जय भीम,” भावोजी म्हणाले आणि चपला काढता काढता टीव्हीकडे बघून थांबले. जपानमध्ये त्यांना लहान मुलांची सोपी लिपी वाचायला शिकवली होती. ते बोट लावून पाटी वाचायला लागले.

त्यांनी पाटी दोनदा वाचली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “त्याने काय विचारलं होतं, कळलं होतं का तुला?”

मी म्हटलं, नाही.

“तो विचारत होता, माझ्याकडे कामाला राहतोस का?” भावोजी म्हणाले. “पोरग्याने नोकरी धरली. राज्य बुडालं. राजा मेला. गावं जळली. असं लिहिलंय.”

“म्हातारी?” आईने विचारलं.

भावोजींनी मान हलवली. आई मटकन खाली बसली.

चुलीवर रस्सा उकळत होता. मी खाली मान घालून पाय वर घेतले. माझ्या नोकरीचं काय झालं ते मला कळून चुकलं होतं. मग बाबांनी खाकरून गंभीरपणे विचारलं, “पर्मनंट हाय का बदलीवर?”

भावोजींनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. “जगाच्या अंतापर्यंत, असं दिलंय.”

“मंग पर्मनंट,” बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

भावोजींनी त्यानंतर माझ्यासाठी साहेबांकडे खरोखरच शब्द टाकला. काय सांगितलं ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. ते म्हणाले होते, “साहेब, मुलगा शिकलेला आहे, काय विचारलंय ते न समजता हो म्हणतो आणि कुणाच्याही हाताखाली टिकतो.” साहेबांनी मला त्याच दिवशी ठेवून घेतलं. पहिल्या महिनाभरात साहेबांचा स्वभाव कळला आणि लक्षात आलं, की भावोजींनी माझी परीक्षा अगदी योग्य विषयाची घेतली होती. मी अजून तिथेच आहे. पर्मनंट.