खाणीचं दुसरं तोंड

अमरावतीच्या आमच्या घरी दुपारची जेवणं आटोपली की आत्या खडूनं फरशीवर डोंगर काढायची. चिखलदऱ्याच्या पलीकडे कुठंतरी गवळी राजाची सोन्याची खाण बुजलेली आहे, असं तेव्हा वऱ्हाडात पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगत. ती खाण आत्यानं माजघरात आणली होती. सारीपाटातली हिरवी सोंगटी दादाची, तो तलवारबहाद्दर. पिवळी माझी, मी जडीबुटी ओळखणारी वैदीण. अस्वलं, वेताळ, पाण्यानं भरलेली भुयारं हे सगळं आत्याच्या तोंडी.

"समोर दोन वाटा आहेत. उजवीकडून थंड वारा येऊन राहिला. काय करता?"

आम्ही काय करणार ते सांगायचं आणि कवड्या टाकायच्या. पालथ्या जास्त पडल्या की काम फसलं. दादा रडीचा डाव खेळायचा, पुन्हा टाकतो म्हणायचा. आत्या बधत नसे. "कवड्या पडल्या म्हणजे पडल्या."

शेवटच्या दालनाच्या जागी ती एक चकाकणारा दगड ठेवायची. तिथं एक माणूस अडकला होता. त्याला बाहेर काढलं की आम्ही जिंकलो. तो माणूस कोण, हे न सांगताच आम्हाला माहीत होतं. आत्याचा नवरा लग्नानंतर वर्षाच्या आतच या खाणीच्या नादी लागला. कुणीतरी डोंगरातून आणलेला तो दगड आत्याच्या हातावर ठेवून अकोल्याच्या घरातून निघाला आणि पुन्हा आलाच नाही. बाबा म्हणत, सोनं कसलं, साधा अभ्रक आहे.

सासरच्यांनी आत्याला माहेरी धाडून दिलं. तिला शिकून शिक्षिका व्हायचं होतं, पण सासरे म्हणत, उद्या मुलगा परत आला तर त्याला काय सांगू? माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, भिक्षुकी करत. साऱ्या गावाला शास्त्र सांगणारा हा माणूस बहिणीसाठी मात्र तोंड उघडत नव्हता. नवरा नाही आणि वैधव्यही नाही, अशी ती रोज कुंकू लावून नुसती बसून होती. मला त्याचा अजूनही संताप येतो.

मग एका उन्हाळ्यात आत्याचा दीर अकोल्याहून आला. माणसाचा बारा वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बाबांनी दर्यापूरच्या एका यजमानाकडे हा विधी केलाही होता. दीर म्हणाला, "बारा वर्षं झाली. आता उरकून टाकू." बाबांनी मान डोलावली. आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. 

दादानं आणि मी ठरवलं, विधीच्या आत त्या माणसाला गाठायचं. खेळात तो जिवंत सापडला की मोठी माणसं विधी थांबवतील, असं आम्हाला खरोखर वाटत होतं. पण कवड्या आमच्यावर रुसल्या होत्या. कधी छत कोसळायचं, कधी मशाल विझायची. शेवटच्या दिवशी दादानं सोंगटी भिरकावून दिली आणि ढसाढसा रडला.

अकोल्याला बाबांनी स्वतः पुतळा बांधला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. पुरुषमंडळी तो घेऊन मोर्णा नदीच्या काठी गेली. दादालाही नेलं. आत्याच्या जावा पुढच्या खोलीत बसल्या होत्या. मागच्या खोलीत आत्या आणि मी.

आत्यानं कनवटीचा खडू, कवड्या आणि तो दगड बाहेर घेतला आणि फरशीवर डोंगर काढला.

"आत्ता?" मी विचारलं.

"टाक कवड्या."

सगळ्या उताण्या पडल्या. असं कधीच झालं नव्हतं. "पोचले! आहे ना तो? जिवंत आहे ना?"

आत्या दगडाकडे बघत राहिली. "दालन रिकामं आहे. चूल आहे, विझलेली. मागं खाणीचं दुसरं तोंड आहे. तिथून तो केव्हाच निघून गेला."

"म्हणजे?"

"शेंदूरजन्याचा संत्र्याचा व्यापारी सांगून गेला मले, दोन वर्षं झाली. बैतूलले पाहिलं त्यानं त्यायले. दुकान आहे, बायको आहे, दोन लेकरं आहेत."

मी ताडकन उठले. "बाबांना सांगते! अजून वेळ आहे!"

तिनं माझा फ्रॉक धरून मला खाली बसवलं. "कावून सांगतेस? ते जिवंत निघाले तर मी आणखी किती वर्षं कुंकू लावून बसू? मेले, तर मले शिकायले जाता येईल. खाणीत मी बसून राहिले, पोरी. ते नाही."

मग तिनं ओल्या हातानं डोंगर पुसून टाकला.

पुरुष परतल्याचा आवाज आला तशा जावा आत आल्या. आत्यानं आपणहून हात पुढं केले. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "बधिर झाली बिचारी," कुणीतरी म्हणालं.

मी मात्र हमसून हमसून रडत होते. न पाहिलेल्या माणसासाठी पोरगी किती रडून राहिली, असं बायका म्हणत होत्या. मला भीती वाटत होती, माझ्या तोंडून ते निघून जाईल. आत्याचं उघडं कपाळ बघवत नव्हतं, आणि ती म्हणाली ते पटलंही होतं.

आत्यानं माझा हात घट्ट धरला. तिचा हात सारखा थरथरत होता. बांगड्या नव्हत्या, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.